आंजर्ल्याची पावलं कोणी मोजली?

कोकणातल्या आंजर्ल्यातलं सगळ्यात जुनं पाऊल गणपतीचं. देऊळ मुळात खाली, समुद्राच्या काठाला होतं. पाणी चढू लागलं तसा देव उठून टेकडीवर गेला आणि जाताना कातळात त्याचं पाऊल उमटलं, असं गाव सांगतं. कड्यावरच्या गणपतीला पायवाटेने चढणाऱ्यांना ते अजून दाखवतात. वर जांभ्याचं, चुन्याच्या गिलाव्याने पांढरंशुभ्र झालेलं देऊळ आहे. त्याचं आजचं रूप पेशवाईतलं, १७६८ ते १७८० या काळातल्या जीर्णोद्धाराचं.

आता गाडी थेट देवळापर्यंत जाते. तरीही काही जण मुद्दाम खालून चालत येतात आणि वर पोचल्यावर, धाप ओसरायच्या आत, डाव्या मनगटाकडे बघतात. घड्याळ सांगतं: इतकी पावलं, हृदयाचे इतके ठोके, इतके मजले. यातले मजले मजेशीर आहेत. अशा घड्याळांपैकी बऱ्याच घड्याळांच्या पोटात हवेचा दाब मोजणारं बारीकसं यंत्र असतं. वर जावं तसा दाब उतरतो, आणि साधारण दहा फूट चढ झाला की घड्याळ एक मजला धरतं. कौलारू घरांच्या आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या गावात माणूस नाश्त्याआधी एका अदृश्य इमारतीचे मजले चढून येतो.

हौसेने चालणं आणि चाललेलं मोजून ठेवणं, या दोन्ही गोष्टी या किनाऱ्याला नव्या आहेत. आंजर्लं एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला जोग नदीची खाडी, यांच्या बेचक्यात वसलेलं. हर्णैच्या बाजाराला जायचं तर होडीने खाडी ओलांडायची आणि पुढे पायी. पूल ही अलीकडची गोष्ट. दापोलीला जायचं तर हर्णै, आसूद करत घाटी चढायची. उत्तरेला केळशीकडे जायचं तर आड्यावरून. अंतर कोसात सांगत, पण चढाचा कोस आणि सपाटीचा कोस बोलण्यात सारखे असले तरी पिंढऱ्यांना वेगळे असत. पावलं मोजायचं कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. जे टाळता येत नाही ते माणूस मोजत बसत नाही.

या भागातली सगळ्यात प्रसिद्ध पायपीट खाडीपलीकडच्या मुरुडची आहे. धोंडो केशव कर्वे तिथे वाढले. सरकारी नोकरीसाठी लागणारी सार्वजनिक परीक्षा द्यायला ते तरुणपणी, भर पावसात, मुरुडहून सह्याद्री चढून साताऱ्याला गेले. अंतर ११० मैल. साताऱ्याला पोचल्यावर तपासनिसांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढ्या पायपिटीचं फळ म्हणून एक नकार मिळाला, आणि परतीची वाट होतीच. पुढे हेच कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १९०० साली त्यांनी काढलेला विधवांचा आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर झोपडीत हलला, तेव्हा दिवसभर कॉलेज करून ते संध्याकाळी आश्रमासाठी सामानसुमान घेऊन चालत तिकडे जात. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात चिखल घोट्यापर्यंत येई. ते १०४ वर्षं जगले, १९५८ साली भारतरत्न झाले आणि १९६२ साली गेले. चालण्यामुळेच इतकं जगले असं कुणी म्हणू नये. चालणारी किती तरी माणसं त्या काळी पटकी आणि प्लेगने गेली. पण आजचं घड्याळ त्या संध्याकाळी त्यांच्या मनगटावर असतं, तर दिवसाचं उद्दिष्ट पुरं झाल्याची थरथर हिंगण्याला पोचायच्या आधीच आली असती, एवढं खरं.

कर्व्यांच्या साताऱ्याच्या वाटेवर पावलं किती पडली असतील? हिशेबाला एक आधार आहे, आणि तो त्याच काळातला आहे. १८६० च्या दशकात डेहराडूनच्या सर्वेक्षण खात्यापुढे एक अडचण होती. तिबेटचा नकाशा हवा होता, पण गोऱ्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. कॅप्टन माँटगोमरी यांनी हिमालयातली माणसं तयार केली. त्यांतले नैनसिंह रावत हे कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातले शाळामास्तर. चढ असो वा उतार, प्रत्येक पाऊल ३३ इंचांचं पडलं पाहिजे, असा सराव त्यांच्याकडून करून घेतला होता. हातात जपमाळ, पण तिच्यात १०८ नव्हे तर १०० मणी. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. लोकांना वाटे, यात्रेकरू नामस्मरण करतो आहे. प्रार्थनाचक्राच्या पोकळीत नामाऐवजी टिपणांचे कागद दडवलेले असत. अशा रीतीने नैनसिंह १८६६ साली ल्हासाला पोचले. मोजलेली वाट होती सुमारे १,२०० मैलांची. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली त्यांना सुवर्णपदक दिलं.

अंगावर वागवायचं, चालणं मोजणारं साधन म्हटलं, तर नैनसिंहांची माळ या देशातलं सगळ्यात नेटकं साधन म्हणायला हवं. चार्जिंग नको, पट्टा नको आणि संशय तर कुणालाच नाही. त्याच ३३ इंची पावलाने हिशेब केला तर मुरुड ते सातारा हे ११० मैल होतात बरोबर २ लाख ११ हजार २०० पावलं. म्हणजे माळेची एकवीस आवर्तनं आणि वर थोडे मणी. एक आवर्तन म्हणजे दहा हजार पावलं. हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

नैनसिंहांनी मोजलं ते सरकारच्या नकाशासाठी. स्वतःच्या शरीरासाठी मोजणं महाराष्ट्रात आलं ते आखाड्यातून आणि व्यायामशाळेतून. बैठका शेकड्यांनी आणि जोर पन्नासांनी सांगायची पद्धत जुनीच. तिला शिस्तीचं रूप दिलं औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी. हा संस्थानिक स्वतः रोज सूर्यनमस्कार घाली, संस्थानातल्या शाळांतून घालून घेई आणि त्यावर पुस्तकं लिही. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी तर १९३६ पासून व्यायामाचा अख्खा ज्ञानकोशच मराठीत काढला. त्याचे दहा खंड झाले. छाती, दंड आणि मांडीची मापं टेपने घेऊन महिन्यामहिन्याला वहीत लिहायची, हे त्या पिढीतल्या अंग कमावणाऱ्या मुलांना सांगावं लागत नसे. आज घड्याळाचं ॲप जो आलेख काढून दाखवतं, तो तेव्हा पेन्सिलीने निघत होता. फरक इतकाच, की वहीतलं खोटं फक्त स्वतःला कळे.

आंजर्ल्यासारख्या गावात मनगटावर यंत्र आलं ते मात्र तब्येतीसाठी नाही, भोंग्यासाठी. रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवली. गिरणीचा भोंगा चुकला की खाडा लागे. चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला गावी आला की त्याच्या ट्रंकेतल्या मिठाईपेक्षा त्याच्या हातातलं घड्याळ जास्त निरखलं जाई. १९६१ साली बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एचएमटीचा कारखाना निघाला आणि घड्याळ लग्नातल्या आहेरात आलं. रोज सकाळी ठरलेल्या वेळी किल्ली द्यायची, आंघोळीच्या वेळी काढून कोनाड्यात ठेवायचं, लहान मुलांनी कानाला लावून टिकटिक ऐकायची. त्या घड्याळाला माणसाबद्दल काहीच ठाऊक नसे. ते जगाची वेळ मनगटावर आणून दाखवी. मनगटाची खबर बाहेर नेत नसे.

उलटा प्रवास सुरू झाला तोही जपानमध्ये. १९६४ साली टोकियोला ऑलिम्पिक झालं आणि तिथे व्यायामाचं वारं वाहू लागलं. ते पाहून यामासा या कंपनीने १९६५ साली कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आज जगभरच्या घड्याळांत जे उद्दिष्ट ठाण मांडून बसलं आहे ते तिथून आलं. वैद्यकशास्त्राने ते आधी सिद्ध केलं होतं, अशातला भाग नाही. दहा हजार हा लक्षात राहणारा, जाहिरातीला सोयीचा गोल आकडा होता. नैनसिंहांच्या माळेचं एक आवर्तनही तेवढंच, हा निव्वळ योगायोग. पण माणसाला शंभराचे शंभर पट बरे वाटतात, एवढं यातून दिसतं.

शास्त्र मागाहून आलं आणि त्याने आकडा बराच खाली आणला. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ स्त्रियांच्या कमरेला मापकं बांधून त्यांचं चालणं नोंदवलं आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. दिवसाला २,७०० च्या आसपास पावलं टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० टाकणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. ते पावलांबरोबर आणखी उतरत गेलं, पण साडेसात हजारांच्या आसपास थांबलं. त्यापुढच्या पावलांनी त्या वयात फारसा फरक पडलेला दिसला नाही. दहा हजार होत नाहीत म्हणून हिरमुसून घड्याळ कपाटात टाकणाऱ्या आजीसाठी ही खरं तर आनंदाची बातमी आहे. घड्याळवाले ती मोठ्या अक्षरात छापत नाहीत.

कमरेवरचं यंत्र मनगटावर आलं त्यात सोय झाली, पण एक गोष्ट निसटली. अमेरिकेत २००७ साली निघालेल्या फिटबिट कंपनीचं २००९ मधलं पहिलं यंत्रही कपड्याला अडकवायचं होतं. मनगटाचा पट्टा त्यांनी २०१३ मध्ये आणला. आतली युक्ती दोन्हीकडे एकच. तीन दिशांना होणारी हालचाल टिपणारं नखाएवढंही नसलेलं यंत्र, आणि त्या हालचालीत चालण्याची ठरावीक लय शोधणारं गणित. पाऊल पडलं की कंबर हलतेच. मनगट हलेलच असं नाही.

हे पाहायचं असेल तर खाडी ओलांडून हर्णैच्या किनाऱ्यावर जावं. होड्या बाहेर नांगरलेल्या असतात. मासळी पाण्यातून बैलगाडीने किनाऱ्याला येते, वाळूवर ढीग लागतात आणि लिलाव सुरू होतो. माल घेतलेली बाई टोपली डोक्यावर चढवते, एक हात टोपलीच्या काठाला धरते, दुसऱ्याने लुगड्याचा ओचा सावरते आणि ओल्या वाळूतून झपाझप वर निघते. तिची कंबर, गुडघे, मान, सगळं राबत असतं. स्थिर असतात ती फक्त दोन मनगटं. तिला महागातलं घड्याळ बांधलं तरी त्या वाटेवरची कित्येक पावलं त्याच्या हिशेबात येणार नाहीत. जुन्या जपानी यंत्राने ती मोजली असती. उलट, ओट्यावर बसून दोन्ही हातांनी सोलं वाळत टाकणारी बाई घड्याळाच्या लेखी थोडीफार चाललेली असू शकते. पोफळीवर चढणारा गडी तर त्याला कोड्यातच टाकेल. उंची वाढते, हृदय धडधडतं आणि पाऊल एकही नाही. ही यंत्रं ज्यांच्यासाठी घडली तो माणूस दोन्ही हात मोकळे सोडून सपाट रस्त्याने चालणारा आहे. कोकणात असा माणूस बहुतेक वेळा पर्यटक असतो.

ठोक्यांचं तसं नाही. ठोका कष्टाचाही मोजला जातो आणि हौसेचाही. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकतो तो रक्तासाठी. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त क्षणभर वाढतं, परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो आणि हा चढउतार मोजला की नाडी मिळते. वैद्य तीन बोटांनी जे चाचपतो त्यातला निव्वळ वेग, बाकी काही नाही. नाडी घड्याळावर मोजायची कल्पना तशी जुनी आहे. जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरने १७०७ साली त्यासाठी मुद्दाम बेतलेल्या घड्याळावर पुस्तकच लिहिलं होतं. पण ठोक्यांची दिवसभराची नोंद ठेवायला कुणाला उसंत नव्हती. व्यायामासाठी तिचा उपयोग मोठा आहे. घाटी चढताना ठोके किती वर जातात यापेक्षा, वर पोचून कठड्यावर टेकल्यावर मिनिटभरात ते किती खाली येतात, हे दमाचं जास्त चांगलं माप आहे. तीन महिने रोज तीच चढण चढणाऱ्याला हा उतार वाढत गेलेला दिसतो. तो दुसऱ्या कुणाशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

प्रकाशाची हीच करामत थोड्या वेगळ्या रूपात कोकणातल्या घराघरांत आली ती २०२० साली, आणि हौसेने नव्हे. लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांनी रक्तातला प्राणवायू मोजायची रीत जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधली. इस्पितळाच्या खाटेपाशी राहणारं ते यंत्र करोनाने चिमट्याच्या आकारात गावोगाव आणलं. १५ सप्टेंबर २०२० ला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आशाताई व आरोग्यसेवक एका हातात तापमापक, दुसऱ्यात ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरले. बोट पुढे करायचं, आकडा येईपर्यंत श्वास रोखायचा नाही, नखाला रंग किंवा हाताला मेंदी असेल तर दुसरं बोट द्यायचं, आणि पावसात हात गार पडले असतील तर आधी चोळून घ्यायचे, हे तेव्हा शिकावं लागलं. ९५ च्या खाली गेलं की घरात चुळबूळ सुरू होई. आकड्यावर किती विसंबावं हा प्रश्न तेव्हाच पुढे आला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की काळ्या वर्णाच्या रुग्णांचा प्राणवायू कमी झालेला असूनही तो ठीक असल्याचं हे यंत्र जास्त वेळा सांगतं. सावळ्या कातडीच्या देशात ही बातमी जेवढी चर्चिली जायला हवी होती तेवढी चर्चिली गेली नाही.

त्याच वर्षी आंजर्ल्याला दुसरा तडाखा बसला. ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्याला लागलं. आंजर्लं, केळशी, हर्णै या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या, छपरं उडाली, विजेचे खांब आडवे पडले. काही गावांत वीज परतायला आठवडे लागले. मोबाइल चार्ज करायला लोक जनरेटर असलेल्या ठिकाणी रांगा लावत होते. तिथे मनगटावरच्या पट्ट्याची काय कथा? किल्लीचं घड्याळ अशा दिवसांतही चाललं असतं. अंगावरच्या यंत्रांचा बाजार करणारे शहरातल्या भिंतीत वीज कायम असते असं धरून चालतात. कोकणातला पावसाळा तसं काही कबूल करत नाही.

आंजर्ल्यात अंगावर बसवलेल्या ज्या यंत्राचा सगळ्यात बोलबाला झाला ते मात्र माणसाच्या अंगावर नव्हतंच. ते होतं ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीवर. या किनाऱ्यावर कासविणी हिवाळ्यात अंडी घालायला येतात, आणि एके काळी ती अंडी उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर अंडी राखायचं काम सुरू केलं. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि पुढे आंजर्लंही त्या वाटेवर आलं. अंडी कुंपणात हलवायची, पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडायची. पण आई कासविणी समुद्रात शिरल्यावर कुठे जातात हे पश्चिम किनाऱ्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. राज्याच्या वनविभागाचं कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी जानेवारी २०२२ मध्ये वेळासला पहिल्या कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र डकवलं आणि तिचं नाव ठेवलं प्रथमा. आंजर्ल्याच्या वाळूतून गेली ती सावनी. मागोमाग गुहागरहून वनश्री, रेवा आणि लक्ष्मी गेल्या.

डेहराडूनचा हा दुसरा फेरा. दीडशे वर्षांपूर्वी तिथून शंभर मण्यांची माळ निघाली होती, आता कवचाला चिकटवायचा खोका आला. रीत फार वेगळी नाही: ज्याला जिथे जाता येत नाही तिथे, जाऊ शकणाऱ्याच्या अंगावर मापक द्यायचं. यंत्र खास डिंकाने पाठीला बसवतात. कासव श्वास घ्यायला वर आलं आणि अँटेना पाण्याबाहेर निघाली तरच संदेश जातो. डोक्यावरून जाणारा आर्गोस उपग्रह तो पकडतो आणि त्यावरून जागा काढतात. मुंबई-पुण्याची माणसं मोबाइलवर रोज नकाशा उघडून बघू लागली. प्रथमा गुजरातच्या दिशेला वर सरकली, तर दुसऱ्या दक्षिणेला उतरल्या. आकडे वाचून उद्या किती पोहायचं हे ठरवणं सावनीच्या गावी नव्हतं. ते सगळं किनाऱ्यावरच्यांचं होतं. तिचं काम अंडी घालून परत फिरणं, आणि ते ती यंत्राशिवायही करतच आली होती.

त्या पाचही यंत्रांचे आवाज एकेक करत बंद पडले. बॅटरी संपते, पाठीवर शेवाळ-शिंपले चढतात, यंत्र सुटून पडतं, कधी कासवच जातं. नेमकं काय झालं हे सगळ्या वेळी कळत नाही. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरलेली दिसली. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच गुहागरच्या वाळूवर एक कासवीण अंडी घालायला आली, तिच्या पंखाला धातूची पट्टी होती: ०३२३३. ही पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर अडकवलेली. तिला बॅटरी नाही, उपग्रह नाही, नकाशा नाही. कुणी तरी रात्री उठून किनाऱ्यावर गेलं, कंदिलाएवढ्या उजेडात आकडा वाचला आणि कळवला, म्हणून पूर्व किनाऱ्याची कासवीण पश्चिमेला अंडी घालते हे समजलं.

माणसांच्या मनगटावरच्या आकड्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं: ते वाचणारं कुणी नसतं. २०१४ साली विशाल गोंदल यांनी मुंबईत काढलेल्या गोकी कंपनीने हे ओळखून पट्ट्याबरोबर माणूस विकायला सुरुवात केली, म्हणजे आकडे बघून चार शब्द सांगणारा मार्गदर्शक. कल्पना शहाणपणाची होती. पण बाजार धावला स्वस्ताईकडे, आणि हजार-दोन हजारांत मिळणारी घड्याळं चाकरमान्यांच्या मुलांनी आंजर्ल्याला आईवडिलांकडे पाठवली. आलेख मुंबईतल्या फोनवर दिसतो; आईला फक्त एवढं कळतं की संध्याकाळी फोन येतो, आज अंगणातसुद्धा उतरली नाहीस का म्हणून. या नात्यात घड्याळाने एक नवी कुरबुर आणली आहे, आणि ती अगदीच वाईट नाही.

महागड्या घड्याळांत २०१८ पासून हृदयाचा एकपदरी आलेखही निघू लागला. अशी घड्याळं देतात ती अनियमित ठोक्यांची सूचना कितपत खरी असते हे बघायला अमेरिकेत चार लाख एकोणीस हजारांवर लोकांचा अभ्यास झाला. सूचना मिळाली ती ०.५२ टक्के लोकांना. त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीला पट्टी लावून ठेवली आणि परत पाठवली, त्यांपैकी ३४ टक्क्यांत अनियमित ठोक्यांचा विकार सापडला. विकार येऊन-जाऊन असतो, त्यामुळे बाकीच्यांची सूचना खोटीच होती असं म्हणता येत नाही. पण खरी होती असंही नाही.

आंजर्ल्यात अशी सूचना आली तर पुढे काय करायचं हे सरळ आहे. छातीत दुखणं, दरदरून घाम किंवा भोवळ असेल तर घड्याळाकडे बघत बसायचं नाही, गाडी काढायची. तसं काही नसेल तर सूचनेचं चित्र फोनमध्ये जपायचं आणि मागच्या तीन-चार आठवड्यांची, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीची नाडी कागदावर उतरवून घ्यायची. मग दापोली गाठायची. बारापदरी कार्डिओग्राम काढायला पाच-दहा मिनिटं लागतात. घाटीतला रस्ता त्याहून जास्त वेळ खातो, आणि पावसाळ्यात कधी दरड आली तर आणखी. डॉक्टर आधी नाडी हातानेच बघतात, मग कागद मागतात.